वॉल्टरची पाठ

सोमवार, ३ सप्टेंबर १९५६

वॉल्टरचा आवाज गेला आहे! अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. माझ्या आलं.

नव्या चित्रपटाचा पहिलाच दिवस, पहिलाच शॉट. आम्ही दोघं छत्रीविक्रेते छत्र्यांची पेटी घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात उभे. म्हणजे खरं तर इथल्याच सरे परगण्यातल्या वाळूच्या खाणीत. कडेचं गवत हिरवंगार, म्हणून माणसं सकाळपासून त्यावर पिवळा रंग फवारताहेत. मी विचारायचं, "इथे पाऊस कितपत पडतो?" आणि वॉल्टरनं म्हणायचं, "पडला होता एकदा. गावात त्याचा पुतळा उभारलाय." ब्लॅकपूलच्या थिएटरात हेच वाक्य त्यानं शेवटच्या बाकावरच्या म्हातारीच्या मांडीवर नेऊन ठेवलं असतं. आज ते माझ्यापर्यंत, हातभर अंतरावर, अर्धंच पोचलं. वाऱ्यानं नेलं म्हणावं तर वारा तो केवढासा.

मला त्याची वाक्यं पाठ आहेत म्हणून निभावलं. जोडीतला गंभीर माणूस असतो कशासाठी? हसवणारा घसरला तर खाली हात धरायला. 'हॉबडे आणि पेल' — इतकी वर्षं पोस्टरवर त्याचं नाव आधी, माझं नंतर, आणि ते तसंच योग्य आहे. लोक त्याला बघायला येतात. पण हशा कुठे ओसरतो आणि पुढचं वाक्य कधी टाकायचं, ते मी ठरवतो. वेळ माझी. त्यात माझी चूक कोणी काढून दाखवावी!

काळजी वाटते. एकीवर एक सिगारेट चालू असते. त्याचे वडील घशाच्याच दुखण्यानं गेले. आधी आवाज गेला, मग माणूस.

मंगळवार, ४ सप्टेंबर

नाश्त्याला विचारलं, "घसा कसाय रे?" तर म्हणे, "सासूसारखा. कधी थकत नाही." आणि ते नीट ऐकू आलं. म्हणजे चार भिंतींत, टेबलाच्या पलीकडून ठीक आहे. उघड्यावर जोर लागत नाही.

घरमालकीण मिसेस ट्रँटर बाई चांगल्या आहेत, पण पुटपुटतात. त्यांच्या रेडिओचाही घसा बसलाय. मी जरा मोठा केला तर बाई लगबगीनं येऊन शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवायला लागल्या.

गुरुवार, ६ सप्टेंबर

वॉल्टरनं एक नवीन खोड काढली आहे. स्वतःचं वाक्य संपलं की हॅटच्या काठाला बोट लावतो. प्रत्येक वाक्याला! संहितेत कुठेही नाही. दुपारी विचारलं, "हे हॅटचं काय चाललंय?" म्हणाला, "माझं बोलून झालं की सलाम करतो. सभ्य माणूस आहे मी." दिग्दर्शक फेअर्ली — वय लहान, गळ्यात रेशमी रुमाल, डोक्यावर निर्मात्याचा बडगा — तो हरकत घेत नाही. मलाही एक मान्य केलं पाहिजे, त्या बोटामुळे मला वेळ पकडायला सोपं जातं.

पण दुसरी गोष्ट अशी सोडून देता येत नाही. आज वॉल्टर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला!

हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. वॉल्टर हॉबडे, जो स्वतःच्या लग्नातसुद्धा पाद्रीबाबांकडे तिरका उभा होता कारण पाहुणे मागे बसले होते. मी नवा असताना त्यानं मला पहिला धडा दिला तो हाच: "लेन, पाठीचे पैसे कोणी देत नाही." आणि आज दारूच्या गुत्त्यासमोरच्या प्रसंगात तो फिरून माझ्याकडे तोंड करून उभा. फेअर्ली म्हणाला, "वॉल्टर, तुमचा चेहरा दिसत नाहीये." तर वॉल्टर म्हणतो, "माझा चेहरा लोकांनी फार बघितला. आता लेनचा बघू द्या, त्यांना जेवण पचेल."

सगळे हसले. मी नाही हसलो. मला कळलं तो काय करतोय ते. तोंड दिसत नसलं तर नंतर स्टुडिओत आवाज वेगळा भरता येतो. ओठांशी जुळवायची भानगड नाही. चार वेळा घेऊन, मध घेऊन, हवं तर दुसऱ्या कोणाकडून बोलवून. किती विचार केलाय बिचाऱ्यानं! आणि मला एक शब्द नाही.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

गोळीबार. दिवसभर. गुंडांची टोळी आमच्या डोक्यावरून पिस्तुलं झाडते आणि आम्ही छत्री उघडून तिच्याखाली बसतो. काडतुसं पोकळ, पण आवाज पोकळ नसतो. संध्याकाळपर्यंत डोक्यात किटली शिट्टी मारत होती. ती हल्ली नेहमीचीच झाली आहे. लढाईत मी इटलीत तोफांच्या शेजारी दोन हिवाळे काढले, तेव्हा काही झालं नाही, आता या फटाक्यांचं काय मोठं!

बायकोला, आयव्हीला, घरी फोन केला. इथली लाइन अगदी टाकाऊ. आयव्ही नळाखालून बोलल्यासारखी. 'डॉक्टर' एवढा शब्द दोनदा आला. म्हणजे तिलाही वॉल्टरचा संशय आलाय. बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी म्हटलं, "बघतो मी, तू काळजी करू नकोस," आणि ठेवला.

मंगळवार, ११ सप्टेंबर

ब्रॅकनबरीसाहेबांनी बोलावलं होतं. निर्माता असा एकट्याला बोलावतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतंच. त्यांच्या गाडीत चहा, बिस्किटं, दार बंद.

"पेल, तुम्हा दोघांचं सगळं ठीक आहे ना?"

"अगदी."

"शुक्रवारी विम्याचा डॉक्टर येतोय. घोडागाडीचा शॉट आहे पुढच्या आठवड्यात. दोघांच्या प्रकृतीचा दाखला मिळाल्याशिवाय विमावाले सही देणार नाहीत. आणि त्यांनी नकार दिला तर मला चित्रपट बंद करावा लागेल." मग चमच्यानं चहा ढवळत बसले. साखर घेत नाहीत, तरी ढवळत होते. "समजा, दोघांपैकी एकाला थांबावं लागलं. दुसरा नवीन जोडीदार घेऊन काम पुरं करेल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वॉल्टरला काढून माझ्या शेजारी दुसरा कोणी विदूषक उभा करणार! मी म्हटलं, "साहेब, वॉल्टर घोड्यासारखा ठणठणीत आहे. आणि दोघं नाही तर कोणीच नाही." त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग म्हणाले, "त्यानंही शब्दशः हेच सांगितलं."

म्हणजे त्यालाही विचारलं होतं! स्वतःच्या नोकरीबद्दल विचारलं आणि यानं 'लेनला घेऊन पुढे जा' म्हटलं नाही. खरं तर म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटला याचं बरं वाटलं, तेही खरं.

गावातून मध आणि घशाच्या गोळ्या आणल्या.

बुधवार, १२ सप्टेंबर

गोळ्या दिल्या. वॉल्टरनं डबी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग एक तोंडात टाकली. आणि मग दिवसभर, मी बघतोय असं दिसलं की एक तोंडात टाकत होता. ऐकतोय बाबा.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

पास! दोघंही पास!

 सगळं असं झालं. गावच्या सभागृहात डॉक्टरनं टेबल मांडलं होतं. आधी माझी पाळी. छाती, डोळे, गुडघ्यावर हातोडी. तेवढ्यात वॉल्टर आत. बोलावलं नव्हतं! पूर्ण वेषात, कमरेला पिस्तूल, काखेत छत्री. "डॉक्टरसाहेब, हा माणूस माझा आहे, भोकं पाडू नका," म्हणत माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. डॉक्टर पोट धरून हसला. मग मला म्हणाला, मी आकडे म्हणेन ते परत म्हणा, आणि गेला माझ्या पाठीमागे. पण वॉल्टर गप्प बसेल तर ना! समोर बसून माकडासारखे ओठ हलवतोय, डोळे मिचकावतोय. त्याच्या त्या चाळ्यांत डॉक्टर मागून काय बोलतोय ते कोणाला ऐकू येणार? शेवटी मी वैतागून वॉल्टरच्याच तोंडाकडे बघितलं आणि तो जे म्हणत होता तेच आकडे म्हणून टाकले. म्हटलं, होईल ते होईल. डॉक्टर पुढे आला आणि म्हणाला, उत्तम.

मग वॉल्टरची पाळी. त्यानं तोंड एवढं उघडलं की पडजीभ दिसावी. डॉक्टरनं दिवा टाकून पाहिलं. "झकास घसा आहे. गाता का?" मी श्वास रोखून बसलो होतो. डॉक्टरही फसला! वर वॉल्टरनं त्याला एक कडवं गाऊन दाखवलं. त्या बंद खोलीत मला ते बऱ्यापैकी ऐकू आलं.

बाहेर आल्यावर मी त्याला झापलं. "परीक्षेच्या वेळी असली माकडचेष्टा कोणी करतं? दोघांचंही गेलं असतं." तो घामानं डबडबला होता. म्हणाला, "चुकलं बाबा. भीती वाटली की मी असाच वागतो." किती भ्याला होता! मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

रविवार, १६ सप्टेंबर

आयव्ही रॉचडेलहून आली. स्टेशनावर माझ्या खांद्याला मागून हात लावला तर मी केवढ्यांदा दचकलो! चहाच्या दुकानात माझ्यासमोर बसून सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती. "लेन, आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ. एकदाच. माझ्यासाठी."

मी म्हटलं, "वॉल्टर तयार होणार नाही. पण तपासलंय त्याला, तू घाबरू नकोस." ती केकचा चुरा करत बसली.

नंतर बघितलं तर ती आणि वॉल्टर मिसेस ट्रँटरच्या बागेत, घेवड्याच्या वेलापाशी. मी जवळ जाईपर्यंत बोलत होते, मग गप्प. आयव्हीचे डोळे लाल. वॉल्टरनं तिच्या हातावर थोपटलं. त्यानं तिला सांगितलं आणि मला नाही! हे मात्र लागलं.

सोमवार, १७ सप्टेंबर

घोडागाडीच्या शॉटची तालीम. हा चित्रपटातला सगळ्यात मोठा प्रसंग. आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध एका छत्रीवरून भांडतोय. मागून लुटारूंनी पळवलेली चार घोड्यांची गाडी भरधाव येते. शेवटच्या क्षणी वॉल्टर "लेन, उजवीकडे!" ओरडतो, दोघं बाजूला उड्या मारतो आणि छत्रीचा चुराडा होतो. लोकांनी हसावं म्हणून.

आज गाडी नुसती चालवत आणली. तरी माझ्या मनात एकच विचार: घोड्यांच्या टापा, चाकांचा खडखडाट, वारा — याच्या वर वॉल्टरचा आवाज निघायचा कसा? आणि नाही निघाला तर? फेअर्लीला जाऊन सांगावं का, की इशारा आवाजाचा नको, झेंड्याचा द्या? पण का म्हणून विचारलं तर काय सांगू? एक वाक्य बोललो की वॉल्टर संपला. नाही बोललो तर कदाचित दोघंही.

गेलो नाही.

मग वॉल्टरनंच तमाशा केला. फेअर्लीनं दोघांना कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं केलं होतं. वॉल्टर म्हणाला, मी लेनकडे तोंड करून उभा राहणार. फेअर्ली म्हणाला, "हा तुमचा मोठा शॉट आहे आणि तुम्ही मला पाठ देणार?" वॉल्टर ओरडला. दिग्दर्शकावर! खाणीतली सगळी माणसं थांबली, घोड्यांनी कान टवकारले. "मला गाडी दिसली पाहिजे. नाहीतर मी उभा राहत नाही. आणि मी नाही तर हाही नाही." फेअर्ली पांढराफटक. शेवटी म्हणाला, ठीक आहे, मग पाठ तर पाठ.

मंगळवार, १८ सप्टेंबर

बोललो. नाही राहवलं.

आमच्या कपडे बदलायच्या गाडीत दोघंच होतो. मी म्हटलं, "वॉल्टर, पुरे झालं. तुझा आवाज गेलाय. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. पाठ का करतोस तेही कळतं मला. वीस वर्षं एका आरशात तोंडं रंगवली आपण, आणि तू आयव्हीला सांगतोस, मला नाही?"

 त्याच्या हातातली सिगारेट जळत जळत बोटापर्यंत आली तरी त्याला कळलं नाही. माझ्याकडे असा बघत होता की मला वाटलं हा आता रडणार. मग म्हणाला — अगदी हळू, अगदी स्पष्ट —

"हो. गेलाय."

"किती दिवस झाले?"

"वर्ष होईल. आधी कोणाला कळलं नाही. त्या माणसालाही नाही." मग हसला. "म्हणजे मला. कोणाला सांगू नकोस, लेन. एवढा चित्रपट होऊ दे. मग जाऊ डॉक्टरकडे. दोघं मिळून जाऊ. चालेल?"

मी त्याचा हात धरला. आम्ही असले प्रकार करत नाही. पण धरला.

मग त्यानंच तोडगा काढला. "परवा माझ्या आवाजावर भरवसा ठेवू नकोस. हॅटकडे बघ. मी मानेच्या झटक्यानं हॅट खाली फेकली की उजवीकडे उडी. आवाज येवो न येवो." दुपारभर गाडीमागच्या वाळूत तेच करत बसलो. त्यानं हॅट फेकायची, मी उडी मारायची. हॅट, उडी. हॅट, उडी. रंगारी लोक आम्हाला हसत होते.

मोकळं वाटतंय. आता दोघांचं गुपित आहे.

बुधवार, १९ सप्टेंबर

पाऊस. ॲरिझोना हिरवं झालं. पुन्हा रंगवताहेत. हॅट, उडी.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही.

पाऊस दुपारी थांबला. मग वारा सुटला. पहिल्याच प्रयत्नात वॉल्टरची हॅट गाडी निघायच्या आधीच उडाली आणि मी मूर्खासारखी उजवीकडे उडी मारली. सगळे हसले. फेअर्लीनं कपडेवालीला बोलावून हॅटला हनुवटीखालून पट्टा लावायला सांगितला. वॉल्टर म्हणाला, "पट्टा नको." फेअर्ली म्हणाला, "हॅट उडाली तर आधीच्या शॉटशी जुळणार नाही. लावा." वॉल्टरच्या एका हातात उघडी छत्री, दुसऱ्यात पेटी. तो मला म्हणाला, "मग माझ्या तोंडाकडे बघ. दुसरीकडे कुठेही नाही. तोंड उघडलं की उडी."

तोवर काम थांबायची वेळ झाली. पुढे पंधरा मिनिटं हवी असतील तर युनियनच्या माणसाला विचारायचं, त्यानं सगळ्यांना विचारायचं, हात वर करून. फेअर्लीनं विचारलं. आणि वॉल्टर मधेच ओरडला, म्हणजे ओरडल्यासारखं केलं, "नको म्हणा रे पोरांनो! घरी चहा थंड होतोय! बायका पळून जातील!" खाण हसली. एकूण एक हात होकारासाठी वर गेला. जन्मभर हसवणाऱ्या माणसाचं हे असं होतं. तो हसत नव्हता. मी जवळ होतो, मला दिसलं.

उभे राहिलो. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे उतरला होता, सगळा माझ्या डोळ्यांत. वॉल्टर माझ्यासमोर, पाठ कॅमेऱ्याला. आणि हॅटच्या काठाखाली त्याचा चेहरा नव्हताच. नुसता काळोख. मी डोळे बारीक केले. काही दिसेना. म्हटलं, आता सांगावं की थांबा. पण फेअर्लीचा हात खाली गेला होता आणि माझं पहिलं वाक्य होतं. वाक्य आलं की मी टाकतो. तीच सवय.

भांडण सुरू. त्याचं बोट हॅटला जाणार कसं, हात तर भरलेले. मी अंदाजानं बोलत गेलो. बुटांखाली जमीन थरथरायला लागली, म्हटलं, गाडी निघाली वाटतं, अजून लांब असेल. मी वाट बघत होतो. त्या काळोखात काही हलतंय का बघत होतो.

मग वॉल्टरनं छत्री सोडली, पेटी सोडली आणि अख्खा माझ्या अंगावर आला. आम्ही दोघं आडवे. तोंडात वाळू. घोड्याचं पोट माझ्या डोळ्यांवरून गेलं, घामाचा वास, आणि चाक. वाळू मऊ असते, टापा वाजत नाहीत. नाहीतर चार घोडे मला ऐकू आले असतेच ना.

वॉल्टरच्या घोट्यावरून चाक गेलं. तो माझ्या छातीवर पडून माझा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा. काय विचारत होता कळेना. आवाज पार गेला होता बिचाऱ्याचा.

रविवार, २३ सप्टेंबर

हॉस्पिटल. पाय प्लास्टरमध्ये, टांगलेला. नर्सनं मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, जसा काही मी तिथे ओरडत होतो. वॉल्टर म्हणाला, "एका पायाचा विनोदवीर दुप्पट चालतो." मला बघितल्यावर घशाला हात लावून बोलायला लागला. दुखत असणार. डबीतली शेवटची गोळी त्याला दिली. त्यानं खाल्ली.

शॉट अप्रतिम आलाय म्हणे. फेअर्ली तो ठेवणार आहे. उरलेल्या कामाला वॉल्टरसारख्या शरीराचा दुसरा माणूस पाठमोरा उभा करतील.

"तशी पाठच आहे सगळीकडे," वॉल्टर म्हणाला. मग खिडकीकडे तोंड केलं, आणि पुढे काही बोलला असेल तर मला कळलं नाही.

बुधवार, २६ सप्टेंबर

आता माझ्यावर आहे. आज ध्वनिमुद्रणाच्या नॉरिसला गाठलं. सज्जन माणूस, मितभाषी, मोठे कान. त्याला सगळं सांगितलं. वॉल्टरचा आवाज एकही दिवस धड आलेला नसणार, तो बरा झाला की स्टुडिओत गुपचूप पुन्हा भरून घ्या, ब्रॅकनबरीसाहेबांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यासाठीच त्यानं पाठ केली होती, म्हटलं, ओठ जुळवायचा त्रास नाही.

नॉरिसनं हातातलं सँडविच खाली ठेवलं. पुसून पुसून हात कोरडे केले. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, उजेडात. "उद्या या, मिस्टर पेल. दाखवतो."

गुरुवार, २७ सप्टेंबर

अंधाऱ्या खोलीत त्यानं गुत्त्यासमोरचा प्रसंग लावला. माझ्या कानांवर त्याचे ते जाडजूड हेडफोन. शेजारी यंत्र, यंत्रावर काचेआड आवाज मोजणारा काटा. मी बोलतो, काटा अर्ध्यावर जातो. वॉल्टर बोलतो — आणि काटा पार टोकाला, लाल रेघेच्या पलीकडे, आपटून परत येतो. मी म्हटलं, आवाज वाढवा. नॉरिसनं बटण फिरवलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा फिरवलं. त्यानं स्वतः दुसरे हेडफोन लावले होते, ते झटकन काढले आणि कान चोळला. मला विहिरीच्या तळाशी कोणी बोलल्यासारखं वाटलं.

मग गाडीचा शॉट. पडद्यावर माझ्यामागे अजून काहीच नाही, नुसता रस्ता, आणि काटा हलायला लागला. चढत गेला. थरथरत, चढत. मी पडद्यावर शांत उभा. मग काटा टोकाला आपटला. पुन्हा. पुन्हा. वॉल्टर ओरडतोय. आणि मी त्याच्याकडे बघत उभा, सूर्य डोळ्यांत, अगदी शांत, माझ्या वाक्याची वाट बघत.

नॉरिसला म्हटलं, बाकीचं सगळं दाखवा, त्यानं पहिल्यांदा पाठ केली त्या दिवसापासून. त्यानं दाखवलं. सगळीकडे माझा चेहरा. आणि वॉल्टरचे ओठ कुठूनच दिसत नाहीत, एका जागेखेरीज — मी उभा होतो तिथून.